चावडीवरची दवंडी

मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे संपादकांनी आपसांत बोलायच्या सामाईक पानावर, दर आठवड्याला एक पत्र येतं. त्याचं नाव ‘टेक न्यूज’. विकिपीडिया ज्या मिडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात या आठवड्यात काय बदललं, पुढे काय बदलणार आहे, कुठे काय बिघडलं होतं आणि आता दुरुस्त झालं, याची ती बातमी. २०१३ पासून हे पत्र निघतं. मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामाईक कामाच्या संकेतस्थळावर, ते इंग्रजीत तयार होतं. आठवडा संपता संपता त्यातला मजकूर गोठवतात आणि शनिवार-रविवार अनुवादकांच्या हाती देतात. सोमवारी एका यंत्रखात्यामार्फत ते शेकडो विकींच्या चावड्यांवर एकदम जाऊन पडतं. आपल्याकडे पोचेपर्यंत बरेचदा मंगळवार उजाडलेला असतो.

मी नागपूरला राहते, एका शाळेत गणित शिकवते, आणि गेली काही वर्षं या पत्राचं मराठी करते. मला संगणकाचं शिक्षण नाही. विकिपीडियावर मी आले ती पूर्व विदर्भातल्या गावांवर आणि तलावांवर लिहायला. तांत्रिक गोष्टींशी माझा संबंध एवढाच, की एखादा साचा (अनेक लेखांत वापरायचा तयार आराखडा) मोडला की मी चावडीवर जाऊन ‘हे कोणी दुरुस्त करेल का’ असं विचारायची.

असंच एकदा विचारायला गेले, तर माझा प्रश्न त्या इंग्रजी पत्रांच्या गठ्ठ्यात दिसेनासा झाला. वर पत्र, खाली पत्र, मधे माझ्या दोन ओळी. चावडी म्हणजे गावकऱ्यांनी बसायची जागा, आणि तिथे गावकऱ्यांचं बोलणंच दिसत नव्हतं. एका जुन्या सदस्यांनी लिहिलं होतं, ‘ही पत्रं इथे कोणीही वाचत नाही, यादीतून आपली चावडी काढून टाकावी.’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण माझा मोडलेला साचा का मोडला, याचं उत्तर दोन आठवड्यांपूर्वीच्या पत्रात सहाव्या ओळीवर होतं, ते मला त्याच दिवशी सापडलं. म्हणजे कोणीतरी आधी सांगितलं होतं, आपल्या चावडीवर येऊन सांगितलं होतं, आणि आपल्याला ऐकूच आलं नव्हतं. मी त्या सदस्यांना विनंती केली, ‘तीन महिने द्या, मी मराठीत करून पाहते. तरीही कोणी वाचलं नाही तर बंद करू.’

सुरुवात सोपी होती. मेटा-विकीवर अनुवादाची चांगली सोय आहे. पान लहान लहान तुकड्यांत येतं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आपली जागा. दर आठवड्याला येणारी ठरावीक वाक्यं एकदा केली की पुढच्या वेळी समोर तयार असतात. मूळ मजकूर नंतर बदलला तर फझीबॉट नावाचा सांगकाम्या त्या तुकड्यावर ‘जुना झाला’ अशी खूण करतो. हे सगळं दोन आठवड्यांत अंगवळणी पडलं.

शब्द मात्र अंगवळणी पडायला वेळ लागला. ‘डिप्लॉय’साठी, म्हणजे नवी आवृत्ती विकीवर चालू करण्यासाठी, मी पहिल्या अंकात ‘तैनात’ लिहिलं. ‘नवी आवृत्ती गुरुवारी तैनात होईल.’ वाचून मलाच गणेशोत्सवातला पोलीस बंदोबस्त आठवला. आता मी सरळ ‘आपल्या विकीवर येईल’ असं लिहिते. ‘स्किन’ला आपल्याकडे ‘त्वचा’ असा शब्द चालत आला होता. ‘नवी त्वचा निवडा’ असं वाचणाऱ्या नव्या माणसाला काय समजणार? मी ‘पानाचं रूप’ म्हणू लागले. उलट काही शब्द जुन्या संपादकांनी इतके सुरेख घडवून ठेवले आहेत की त्यांना हात लावायची इच्छा होत नाही. हुकूम मिळाला की मुकाट्याने काम करणाऱ्या बॉटला ‘सांगकाम्या’, सरावासाठी गिरवायच्या पानाला ‘धूळपाटी’, आयपी ॲड्रेसला ‘अंकपत्ता’. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, हा विकिपीडिया सुरू झाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी बसून हे शब्द शोधले, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

सगळ्यात जास्त फसवलं ‘डेप्रिकेटेड’ने. तांत्रिक पत्रांत हा शब्द सारखा येतो. अर्थ असा, की ही सोय अजून चालू आहे, पण पुढे काढून टाकणार आहोत, तेव्हा नव्या कामात वापरू नका आणि जुन्या कामातून सवडीने काढा. मी एका अंकात त्याला ‘बंद’ लिहिलं. आपल्या एका प्रचालकांनी (जादा अधिकार असलेल्या सदस्यांनी) ते वाचून त्याच रात्री एका उपकरणातून, म्हणजे संपादकांना मदत करणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, तो भाग काढला, बदली काही तयार नसताना. दोन दिवस ते उपकरण चाललं नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, उलट ‘पत्र वाचलं म्हणून तर केलं’ असं लिहिलं. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. आता मी लिहिते, ‘ही सोय मोडीत निघणार आहे, अजून चालू आहे.’ दोन वाक्यं लागतात. लागू देत.

तिसरी गोष्ट कळली ती गाडीची. मिडियाविकीची नवी आवृत्ती दर आठवड्याला निघते आणि तिला डेव्हलपर मंडळी ‘ट्रेन’च म्हणतात. मंगळवारी ती चाचणीच्या विकींवर आणि मिडियाविकीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर थांबते. बुधवारी विकिस्रोत, विक्शनरी, कॉमन्स असे विकिपीडियाखेरीजचे प्रकल्प आणि मोजके विकिपीडिया. गुरुवारी उरलेले सगळे विकिपीडिया, त्यात आपला. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या गावात वाढल्यामुळे असेल, मला हे चटकन समजलं. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. मराठी विकिस्रोतावर गाडी एक दिवस आधी येते. बुधवारी रात्री तिथे एखादं पान उघडून पाहिलं, तर गुरुवारी आपल्या दारात काय येणार ते दिसतं. आणि काही बिघडलेलं असेल तर ओरडायला एक दिवस हातात असतो.

तीन महिने झाले, कोणी पत्र बंद करा म्हटलं नाही. मला वाटलं, जमलं.

मग २०२४ चा मार्च आला.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेची दोन मोठी सर्व्हर-केंद्रं आहेत, एक अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, दुसरं टेक्सासात. एक कोसळलं तर दुसऱ्यावर सगळं चालू राहतं की नाही याची खात्री करायला वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, मुद्दाम एकावरून दुसऱ्यावर कारभार हलवतात. त्या वेळी थोडी मिनिटं जगभरचे सगळे विकी फक्त वाचता येतात, लिहिता येत नाही. त्या वेळचा दिवस होता बुधवार, २० मार्च. वेळ १४:०० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे.

घोषणा लांबलचक होती. मी चावडीसाठी आणि आमच्या नागपूरच्या व्हॉट्सॲप गटासाठी तिचा सारांश केला. तीन ओळींत बसवायचा म्हणून वेळ बदलून दाखवणारा दुवा काढला. ‘यूटीसी’ ठेवलं, पण पुढे भारतीय वेळ लिहिली नाही. मूळ पत्रात एक वाक्य होतं, की त्रुटीचा संदेश दिसला तर थांबा, सगळं पूर्ववत झाल्यावर पुन्हा जतन करा, आणि तोवर लिहिलेल्याची एक प्रत काढून ठेवलेली बरी. ते वाक्य मला फाफटपसारा वाटलं. तेही मी काढलं. माझ्या सारांशात उरलं एवढंच: ‘२० मार्चला १४:०० यूटीसी वाजता सर्व्हर बदलामुळे काही मिनिटं संपादन करता येणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

मराठी विकिपीडियावर सह्यांखाली भारतीय वेळ उमटते. इथे वावरणाऱ्या माणसाला आकडा दिसला की तो आपल्या घड्याळाचाच वाटतो. सगळ्यांनी १४:०० म्हणजे दुपारचे दोन असं वाचलं. दुपारी दोनला काही झालं नाही. एकाने गटात लिहिलं, ‘झालं बहुतेक, कळलंही नाही.’ मी वर्गात होते, ते वाचलंच नाही. यूटीसीचे १४:०० म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३०.

आणि संध्याकाळी सहा वाजता शंकरनगरला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही आठजणी लिहायला बसलो होतो. मार्च महिना, कूलर नुकते काढलेले, वाळ्याचा वास सुटलेला. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्यांचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. गावच्या मालगुजारी तलावाबद्दल त्या लिहीत होत्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हजारो तलाव आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, आणि त्यांची एक वेगळी भाषा आहे. बांधाला पार म्हणतात, जादा पाणी जाते ती सलंग, आणि शेताला पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. हे शब्द काकूंच्या तोंडात होते, कागदावर नव्हते. दीड तास त्या एकेक अक्षर शोधून टाइप करत होत्या. तुडूम कोण उघडायचं, पाणी कोणत्या बांधीत (धानाच्या शेतात) आधी जायचं, पाळी कशी ठरायची. मी दोनदा त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि अंगावर काटा आला होता.

सात वाजता पानाच्या वर एक पट्टी दिसू लागली. अर्धा तास आधी सगळ्या विकींवर अशी सूचना येते. काकूंना ती जाहिरात वाटली, त्यांनी फुली मारली. बाकीच्यांनीही मारली असावी. मी त्या वेळी स्वयंपाकघरात चहाचे कप भरत होते.

साडेसातला त्यांनी ‘प्रकाशित करा’ दाबलं. त्रुटीचा संदेश आला. त्यांनी परत दाबलं, परत तोच. त्यांना वाटलं आपल्याच हातून काही बिघडलं. शेजारच्या मुलीला म्हणाल्या, ‘अगं, हे काय येऊन राहिलं? मी काही चुकीचं तर नाही ना दाबलं?’ तिलाही माहीत नव्हतं. काकूंनी घाबरून ती खिडकी बंद केली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. घरी टीव्ही अडकला की करतात तसं. मी चहा घेऊन आले तेव्हा सगळं संपलं होतं. विकी तर मोजक्या मिनिटांत पूर्ववत झालाही होता. त्या नुसत्या थांबल्या असत्या, खिडकी तशीच ठेवून चहा प्यायल्या असत्या, तर दीड तासाचं लिखाण जसंच्या तसं जतन झालं असतं.

मला लगेच कळलं काय झालं ते. मी खाली बसले आणि सांगितलं की ही चूक माझी आहे, सूचना मी लिहिली होती. काकू रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तू लिहिलेलं मी वाचलं होतं गं. पण त्यात मी काय करायचं ते नव्हतं.’

नंतर चहा पिताना त्यांनी त्यांच्या गावच्या कोतवालाची गोष्ट सांगितली. तुडूम उघडायच्या आदल्या दिवशी तो डफडं वाजवत फिरायचा. नुसतं ‘पाणी सुटणार’ म्हणून थांबायचा नाही. उद्या दिवस उगवायच्या आत सुटणार, पहिली पाळी अमक्याच्या बांधीची, धुरे (शेताचे बांध) बांधून घ्या, खालच्या वस्तीवाल्यांनी गुरं आज रात्री वर आणा. एवढं सगळं सांगायचा, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून पुन्हा तेच म्हणायचा. ज्याचं घर शेवटी, त्यालाही ऐकू गेलं पाहिजे म्हणून. काकूंनी ही गोष्ट मला शिकवायला सांगितली नव्हती. त्या आपल्या लेखातला तो भाग आठवून पाहत होत्या, पुन्हा लिहायला. मी मात्र त्या रात्री घरी जाऊन माझ्या जुन्या सगळ्या सूचना काढून वाचल्या. जवळपास प्रत्येकीत काय होणार ते होतं. कोणाला आणि मग त्याने काय करायचं, हे फार थोड्यांत होतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. मेटावरचा अनुवाद मी पूर्वीसारखाच, मुळाला धरून करते, कारण तो सगळ्यांचा मजकूर आहे. पण चावडीवर पत्राच्या वर माझी स्वतःची चार-पाच ओळींची सूचना असते. तीत आधी येतं ते कोणी वाचायचं: ‘साचे सांभाळणाऱ्यांसाठी’, ‘गस्त घालणाऱ्यांसाठी’ (म्हणजे नवे बदल तपासणाऱ्यांसाठी), ‘सगळ्यांसाठी’. मग वार, तारीख, आणि वेळ आपल्या घड्याळाची, ‘संध्याकाळी’, ‘पहाटे’ अशा शब्दासकट. साडेपाच तास मिळवण्याचं काम वाचणाऱ्याच्या डोक्यावर टाकायचं नाही. मग काय करायचं. काहीच करायचं नसेल तर तेही स्पष्ट: ‘तुम्हाला काही करायची गरज नाही.’ हे वाक्य लिहायला मला सुरुवातीला संकोच वाटायचा, इतकं ते साधं आहे. पण लोकांनी सगळ्यात जास्त आभार त्याच वाक्याचे मानले. तांत्रिक बातमी दिसली की माणसाच्या मनात पहिली धाकधूक हीच असते, की माझं काही मोडणार तर नाही.

शिवाय सगळं चावडीवर टाकून मोकळं व्हायचं नाही, हे ठरवलं. ज्या बदलाचा फटका दोघांनाच बसणार आहे, त्या दोघांच्या चर्चा पानांवर जाऊन लिहायचं. २०२४ च्याच मे महिन्यात पानांतल्या शीर्षकांची अंतर्गत रचना बदलली. वाचणाऱ्याला काहीच वेगळं दिसलं नाही, पण शीर्षकाच्या शेजारी बटण जोडणारी जुनी उपकरणं अशा बदलाने मोडतात. अशी उपकरणं लिहिणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी प्रत्येकाच्या चर्चा पानावर तीन ओळी लिहिल्या. सोबत एक युक्तीही सांगितली, जी मला स्वतःला फार उशिरा कळली: पानाच्या पत्त्याला सेफमोडचा छोटासा तुकडा जोडून पान उघडलं, की स्थानिक आणि वैयक्तिक उपकरणं बाजूला राहतात. दोष तरीही दिसला तर तो मिडियाविकीचा, नाहीसा झाला तर आपल्या घरचा. या एका तपासणीने फॅब्रिकेटरवर, म्हणजे सॉफ्टवेअरचे दोष कळवायच्या संकेतस्थळावर, नोंदवायच्या कितीतरी चुकीच्या तक्रारी वाचतात.

डार्क मोडची, म्हणजे काळ्या पानावर फिकी अक्षरं दाखवणाऱ्या सोयीची, गोष्ट जरा मोठी झाली. काकूंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री पांढऱ्या पडद्याचा त्रास व्हायचा, म्हणून त्या या सोयीची वाट पाहत होत्या. सोय आली, त्यांनी ती सुरू केली आणि मला फोन केला, की माझ्या गावच्या लेखातली चौकट कोरी दिसते. कोरी नव्हती. साचा बनवणाऱ्याने कधीकाळी माहितीचौकटीच्या पट्टीला फिका रंग दिला होता, अक्षरांना मात्र काहीच रंग दिला नव्हता. पांढऱ्या पानावर अक्षरं आपोआप काळी असतात, म्हणून कधी बिघडलं नव्हतं. डार्क मोडमध्ये अक्षरं आपोआप फिकी झाली, पट्टी फिकीच राहिली, आणि फिक्यावर फिकं दिसेना. नियम अगदी साधा: जिथे पार्श्वभूमीचा रंग दिला आहे तिथे अक्षरांचाही द्या.

हा नियम टेक न्यूजमध्ये एका ओळीत येऊन गेला होता, मी त्याचं मराठीही केलं होतं. पण चावडीवर नुसतं सांगून भागणार नव्हतं. लाखाच्या घरात लेख, त्यात गावांचेच हजारो, आणि त्यांना आधार असलेले साचे थोडेच. मी सगळ्यात जास्त वापरले जाणारे साचे शोधले, एकेक डार्क मोडमध्ये उघडून पाहिला, आणि जे बिघडले होते त्यांची यादी चावडीवर ठेवली. प्रत्येकापुढे कोणती ओळ बदलायची तेही लिहिलं. सुरक्षित केलेले साचे मला बदलता येत नाहीत, त्यासाठी प्रचालक लागतात. ज्या सदस्यांनी कधीकाळी ही पत्रं बंद करा म्हटलं होतं, त्यांनीच यादीतले पहिले चार साचे त्या रात्री दुरुस्त केले आणि प्रत्येकापुढे ‘झाले’ असं लिहीत गेले. मी ते ‘झाले, झाले’ बघत जागी होते. एवढा आनंद मला स्वतःचा लेख मुखपृष्ठावर आला तेव्हाही झाला नव्हता.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा सर्व्हर बदलाची घोषणा आली. या वेळी मी आधीच्या आठवड्यात, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुपारी, अशी तीनदा सूचना टाकली. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी. लिहिलेल्याची प्रत काढा, संदेश आला तर खिडकी बंद करू नका, थांबा. शिवाय ‘माझ्या पसंती’त जाऊन अर्धवट राहिलेलं संपादन परत मिळवून देणारी सोय निवडता येते, तिचीही माहिती दिली. त्या संध्याकाळी कोणाचंही काही हरवल्याची तक्रार आली नाही. काकूंचा तलावाचा लेख तोवर पूर्ण झाला होता. दुसऱ्यांदा लिहिलेला तो पहिल्याइतका नाही, असं त्या म्हणतात. मी पहिला थोडासाच वाचला होता, पण मलाही तसंच वाटतं.

आता रविवारी सकाळी सूचनेचा कच्चा मसुदा मी आधी काकूंना वाचून दाखवते, फोनवर. त्या सगळं ऐकून घेतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात: ‘मग यात मी काय करू, ते सांग.’ मला उत्तर देता आलं नाही तर मसुदा पुन्हा लिहायचा, एवढंच.

तात्पुरत्या खात्यांच्या वेळी तर मसुदा तीनदा लिहावा लागला. पूर्वी खातं न उघडता कोणी संपादन केलं, की त्याचा अंकपत्ता जगजाहीर व्हायचा. त्यावरून माणूस कुठल्या गावचा, कोणत्या कचेरीतला, हे ताडता येतं. आता तसं होत नाही. अशा संपादकाला आपोआप एक तात्पुरतं नाव मिळतं, सुरुवातीला नागमोडी खूण, मग वर्ष, मग आकडे. अंकपत्ता प्रचालकांना आणि ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या अनुभवी सदस्यांनाच पाहता येतो. गस्त घालणाऱ्या आपल्या मंडळींची काळजी रास्त होती: खोडसाळपणा करणाऱ्याला ओळखायचं कसं? मी शाळेतलं उदाहरण दिलं. आमच्या संगणक कक्षातली सगळी यंत्रं बाहेरून एकाच अंकपत्त्याची दिसतात. एका मुलाने वात्रटपणा केला की तो पत्ता अडवला जायचा आणि पूर्ण वर्गाला लिहिता यायचं नाही. आता त्या एका तात्पुरत्या खात्याला अडवता येतं, बाकीची मुलं लिहीत राहू शकतात.

काकूंना खोडसाळपणाची चिंता नव्हती. त्या नव्या लोकांच्या चर्चा पानांवर स्वागत लिहितात. अंकपत्त्याच्या पानावर लिहिलेलं स्वागत भलत्याच माणसाला दिसायचं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. तात्पुरत्या खात्याला निरोप पोचतो हे ऐकून त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, ‘नव्वद दिवसांनी ते खातं संपतं म्हणतेस. नव्वद कधीपासून? पोरगं रोज लिहीत राहिलं तर रोज नव्याने मोजायचे का?’

माझ्या मसुद्यात नुसतं ‘९० दिवस टिकते’ होतं, आणि मी स्वतः त्याचा अर्थ शेवटच्या संपादनापासून असा धरला होता. मेटावरच्या माहितीत जाऊन नीट वाचलं. मोजायचे ते पहिल्या संपादनापासून, मधे कितीही लिहिलं तरी. मी काकूंना परत फोन लावला.

‘मग तसं लिही ना,’ त्या म्हणाल्या, ‘की पहिल्यांदा ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसापासून नव्वद मोजा, आणि पुढेही याच नावाने लिहायचं असेल तर त्याआधी स्वतःचं खातं उघडा.’

दुसरा अर्धा भाग मला बदलावा लागला. तात्पुरतं नाव पुढे चालू ठेवता येत नाही, नव्या खात्याला नवं नाव घ्यावं लागतं. पहिला अर्धा मी त्यांच्याच शब्दांत टाइप केला आणि चावडीवर टाकला.